‘द ग्रेट गॅट्सबी’ वाचताना हिरवा दिवा शेवटी बघा

अमेरिकन कादंबऱ्यांची कुठलीही यादी काढा, एफ. स्कॉट फिट्झगेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ तीत बहुधा असतेच. इंग्रजी साहित्य घेऊन पदवी करणाऱ्यांना ती अभ्यासक्रमात भेटते, बाकीच्यांना चित्रपटामुळे किंवा एखाद्या मित्राच्या आग्रहामुळे. आणि पुस्तक उघडण्याआधीच कानावर पडलेलं असतं की हिरवा दिवा म्हणजे स्वप्न, फलकावरचे डोळे म्हणजे देव, राखेचं खोरं म्हणजे अधोगती. ही तीन समीकरणं पाठ करून वाचायला बसलं की दिवा दिसला की खूण करायची, डोळे दिसले की खूण करायची, एवढंच काम उरतं. पुस्तक वाचून होतं, पण हाताला काही लागत नाही.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. आधी गोष्ट कोण सांगतोय ते बघा, मग पैशाचा हिशेब मांडा, आणि प्रतीकांकडे सगळ्यात शेवटी या. या क्रमाने वाचलं की प्रतीकांचे ठरीव अर्थ गळून पडतात आणि त्यांच्या जागी काहीतरी जास्त गमतीचं दिसायला लागतं.

एक इशारा: दुसऱ्या पायरीपासून पुढे कथानक फुटणार आहे. ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी तयारी आणि पहिली पायरी वाचावी, कादंबरी संपवावी आणि मग परत यावं.

तयारी

कादंबरी छोटी आहे. नऊ प्रकरणं, बहुतेक आवृत्त्यांत दोनशेच्या आत पानं. १९२५च्या एप्रिलमध्ये ती न्यूयॉर्कच्या स्क्रिबनर्सने काढली. अमेरिकेतला तिचा कॉपीराइट १ जानेवारी २०२१ला संपला, त्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर ती फुकट आणि कायदेशीर मिळते. विकत घ्यायची तर टिपा असलेली आवृत्ती घ्या, पण टिपा पहिल्या वाचनात वाचू नका.

पहिलं प्रकरण जड जातं. वाक्यं लांब, निवेदक स्वतःबद्दल गोल गोल बोलतो आणि गोष्ट सुरू व्हायचं नाव घेत नाही. इथे बरेच जण पुस्तक खाली ठेवतात. तसं करू नका, आणि प्रत्येक शब्दाला शब्दकोशही उघडू नका. दुसऱ्या प्रकरणात न्यूयॉर्कच्या फ्लॅटमधली दारूची बैठक येते, तिथून वेग येतो. दिवसाला एक प्रकरण ही चाल मला बरी वाटते. फक्त पाचवं आणि सातवं मध्ये न थांबता, प्रत्येकी एका बैठकीत संपवा.

काळाबद्दल तीन गोष्टी माहीत असल्या की पुरे. गोष्ट १९२२च्या उन्हाळ्यातली आहे. पहिलं महायुद्ध संपून चार वर्षं झालीत आणि न्यूयॉर्कच्या शेअर-रोख्यांच्या बाजारात पैसा वाहतोय. आणि अमेरिकेत जानेवारी १९२०पासून दारूबंदी आहे. ही तिसरी गोष्ट विसरू नका, कारण कादंबरीत जवळजवळ प्रत्येक जण सतत पीत असतो.

जागांचं म्हणाल तर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका खाडीच्या दोन बाजूंना दोन वस्त्या आहेत: वेस्ट एग आणि ईस्ट एग. नावं काल्पनिक, पण नकाशा खरा. वेस्ट एग म्हणजे ग्रेट नेक, जिथे फिट्झगेराल्ड १९२२ ते १९२४ या काळात राहत होता. समोरच्या किनाऱ्यावर जुन्या श्रीमंतांच्या हवेल्या. वस्त्यांतून शहरात जाताना वाटेत राखेचे ढीग लागतात. तेही खरेच होते. क्वीन्समधल्या कोरोना भागात शहरातली राख आणून टाकत. पुढे ती जागा साफ करून तिथे १९३९चं जागतिक प्रदर्शन भरलं. आज तिथे फ्लशिंग मेडोज हे उद्यान आहे आणि यूएस ओपनचं टेनिस तिथेच चालतं.

पहिली पायरी: निकवर नजर ठेवा

गोष्ट सांगतो निक कॅरवे. वय एकोणतीस, अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातला, येलमध्ये शिकलेला, रोखे विकायचा धंदा शिकायला न्यूयॉर्कला आलेला. आलिशान पार्ट्या देणाऱ्या गूढ श्रीमंत गॅट्सबीचा तो शेजारी आहे, डेझीचा दूरच्या नात्यातला भाऊ आहे आणि तिचा नवरा टॉम याला कॉलेजपासून ओळखतो. म्हणजे सगळ्यांच्या घरी त्याला प्रवेश आहे. लेखकाची ही सोय आहे, पण निक नुसती खिडकी नाही.

अगदी सुरुवातीलाच तो सांगतो की वडिलांच्या शिकवणीमुळे मी कुणाबद्दल चटकन मत बनवत नाही. आणि पुढची पानंच्या पानं तो मतंच देत सुटतो. टॉमचं शरीर क्रूर, डेझीची मैत्रीण जॉर्डन अप्रामाणिक, पाहुणे फुकटे. पेन्सिल हातात घ्या आणि जिथे जिथे निकने निकाल दिलाय तिथे समासात एक रेघ मारा. प्रकरण संपेपर्यंत समास भरलेला दिसेल.

तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी तो म्हणतो की मला भेटलेल्या मोजक्या प्रामाणिक माणसांपैकी मी एक आहे. आता हे वाक्य कुठे येतं ते बघा. गावाकडे एक मुलगी आहे, तिला तो दर आठवड्याला प्रेमाची सही करून पत्र पाठवतो आणि इकडे जॉर्डनच्या मागे आहे. हे तो आदल्याच परिच्छेदात स्वतःच सांगतो आणि लगेच प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र घेतो. फिट्झगेराल्डला इथे चूक झाली असं समजू नका. अशा जागा मुद्दाम ठेवलेल्या असतात.

आणखी काही खुणा टिपून ठेवा. दुसऱ्या प्रकरणात निक कबूल करतो की तो आयुष्यात दोनदाच पिऊन झिंगला आणि ही त्यातली दुसरी वेळ. म्हणजे त्या बैठकीचं वर्णन धुक्यातून आलेलं आहे आणि शेवटाकडे तर वाक्यंच तुटत जातात. तिसऱ्या प्रकरणात तो मध्येच थांबून आत्तापर्यंत लिहिलेलं वाचून बघतो. म्हणजे तो बोलत नाहीये, लिहितोय. घटनांना जवळपास दोन वर्षं उलटल्यावर, गावी परत जाऊन लिहितोय. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे त्याने ठरवलेलं आहे.

टॉम एक वंशद्वेष्टं पुस्तक वाचून गोऱ्यांची सत्ता बुडणार असं बडबडतो तेव्हा निक त्याला मनातल्या मनात हसतो. पण चौथ्या प्रकरणात पुलावरून जाताना एका मोटारीत गोरा चालक आणि मागे तीन कृष्णवर्णीय प्रवासी दिसतात, तेव्हा त्यांना हसणारा निकच असतो. वुल्फशाइम या ज्यू सट्टेबाजाचं त्याने केलेलं वर्णनही नाकापासून सुरू होतं. हे वाचताना अवघडल्यासारखं होतं आणि व्हायला हवं. यातला किती पूर्वग्रह निकचा आणि किती लेखकाचा, यावर अजून वाद चालतात. मला विचाराल तर दोघांचाही आहे.

दुसरी पायरी: पैशाचा हिशेब लिहा

वहीचं एक पान घ्या आणि कादंबरीत येणारी प्रत्येक रक्कम लिहीत जा. रक्कम, कुणाची, कशासाठी. हा उद्योग कंटाळवाणा वाटेल, पण दहा-बारा नोंदी झाल्या की पानच बोलायला लागतं.

निकच्या लहानशा घराचं भाडं महिना ८० डॉलर. त्याच्या दोन्ही बाजूंच्या बंगल्यांचं भाडं हंगामाला १२ ते १५ हजार. गॅट्सबीच्या पार्टीत एका पाहुणीचा झगा फाटतो तर दुसऱ्याच आठवड्यात २६५ डॉलरचा नवा झगा तिच्या घरी पोचतो. टॉमची प्रेयसी मर्टल हिला कुत्र्याचं पिल्लू हवं असतं, टॉम १० डॉलर फेकतो आणि विकणाऱ्याला म्हणतो, यात आणखी दहा कुत्री घे. युद्धावरून परतलेला गॅट्सबी इतका भुकेला होता की अर्ध्या तासात चार डॉलरहून जास्तीचं जेवला, असं वुल्फशाइम सांगतो. डॅन कोडी नावाच्या म्हाताऱ्या लक्षाधीशाने गॅट्सबीच्या नावावर २५ हजार ठेवले होते, त्यातला एक सेंटही त्याला मिळाला नाही. आणि टॉमने लग्नाच्या आदल्या दिवशी डेझीला दिलेली मोत्यांची माळ: साडेतीन लाख डॉलर.

भागाकार करून बघा. त्या एका माळेत निकच्या घराचं ३६४ वर्षांचं भाडं निघतं.

आता हिशेबाचा दुसरा रकाना: हा पैसा आला कुठून? इथे कादंबरीची खरी खोच आहे. गॅट्सबीबद्दल सगळे कुजबुजतात. त्याने खून केलाय, तो जर्मन हेर होता, जर्मन सम्राट कैसरचा नातलग आहे. त्याचीच दारू पीत हे बोलणं चालतं. पण टॉमचा पैसा कुठून आला हे कुणीच विचारत नाही. त्याचं घराणं अफाट श्रीमंत आहे, एवढ्यावर निकही थांबतो. पिढीजात पैशाला हिशेब द्यावा लागत नाही. तो फक्त नव्या पैशाकडे मागितला जातो.

गॅट्सबीच्या धंद्याचे धागे लेखकाने विखरून ठेवले आहेत, ते गोळा करा. ऐन पार्टीत शिकागोहून येणारे फोन. पाचव्या प्रकरणात फोनवर कुणाला तरी ओरडणं की डेट्रॉइटला जो लहान गाव समजतो तो आपल्या उपयोगाचा नाही. निकला देऊ केलेला एक ‘गुप्त’ जोडधंदा. सातव्या प्रकरणात टॉम सांगतो की गॅट्सबी औषधांच्या दुकानांच्या आडून दारू विकतो. आणि नवव्या प्रकरणात, गॅट्सबी गेल्यावर आलेला एक फोन: रोखे देताना आपला एक माणूस पकडला गेलाय. रोखे! निक दिवसभर तेच विकतो. तो स्वच्छ असेलही, पण त्याचा बाजार आणि गॅट्सबीचा बाजार अगदी वेगळे नाहीत.

सातव्या प्रकरणातला प्लाझा हॉटेलमधला प्रसंग या रकान्यासाठी दोनदा वाचा. टॉम गॅट्सबीला सगळ्यांसमोर दारूचा चोरटा व्यापारी ठरवतो आणि डेझीच्या चेहऱ्यावरचा रंग बदलतो. तेव्हा टेबलावर काय आहे? टॉमनेच घरून टॉवेलात गुंडाळून आणलेली व्हिस्कीची बाटली. कायदा दोघांनीही मोडलाय. एकाने विकून, दुसऱ्याने ती शहरात वाहून आणून. भांडण संपल्यावर टॉम ती न उघडलेली बाटली पुन्हा टॉवेलात गुंडाळायला लागतो. लेखक यावर एक शब्दही बोलत नाही.

पैसा राबतो कसा हेही टिपा. दर शुक्रवारी पाच पेट्या संत्री-लिंबं येतात आणि सोमवारी त्यांच्या सालांचा ढीग मागच्या दाराने बाहेर जातो. दोनशे संत्र्यांचा रस काढायला यंत्र आहे खरं, पण बटण दोनशे वेळा एका नोकराला अंगठ्याने दाबावं लागतं. पार्टीच्या वर्णनात दिवे, संगीत आणि हे बटण एका ओळीत बसवलेले आहेत.

तिसरी पायरी: काळाची पट्टी सरळ करा

गॅट्सबीचं पूर्वायुष्य आपल्याला उलटसुलट कळतं. आधी अफवा, मग चौथ्या प्रकरणात त्याच्या तोंडून भव्य थापा. आपण मध्य-पश्चिमेतल्या श्रीमंत घरातले, असं तो म्हणतो, आणि कुठल्या गावचे विचारल्यावर सांगतो सॅन फ्रान्सिस्को, जे पश्चिम किनाऱ्यावर आहे. ऑक्सफर्डचा पुरावा म्हणून तो एक फोटो दाखवतो, त्यात त्याच्या हातात क्रिकेटची बॅट आहे. अमेरिकन वाचकाला ती बॅट केवढी परदेशी आणि खानदानी वाटत असेल, हे आपल्याला जरा थांबून समजून घ्यावं लागतं. याच प्रकरणात जॉर्डन डेझीच्या लग्नाची हकीकत सांगते. सहाव्यात जेम्स गॅट्झ नावाचा नॉर्थ डकोटामधला गरीब शेतकऱ्याचा मुलगा समोर येतो. आठव्यात त्याचं आणि डेझीचं १९१७चं प्रेम. नवव्यात वडील येतात, हातात मुलाने लहानपणी लिहिलेलं दिनक्रमाचं पान घेऊन.

हे सगळं कागदावर सरळ क्रमाने लिहा. मग विचारा की निकने हे असं का लावलं. माझं उत्तर असं: सरळ क्रमाने सांगितलं असतं तर एका गुन्हेगाराची चढती आणि पडती कमान दिसली असती. निकला तो माणूस आपल्याला आवडायला हवा आहे. म्हणून डेट्रॉइटचा फोन आणि पावसाळी दुपारी, पांढराफटक पडून डेझीची वाट बघणारा गॅट्सबी हे दोन्ही एकाच प्रकरणात येतात, आणि लक्षात राहतो तो दुसरा.

चौथी पायरी: आता प्रतीकांकडे या

एखाद्या वस्तूचा अर्थ विचारण्याआधी ती कोण बघतोय हे विचारा. एवढा एक नियम पाळला तरी निम्मं काम होतं.

हिरवा दिवा घ्या. डेझीच्या घरासमोरच्या धक्क्याच्या टोकाला रात्रभर जळणारा, बोटींसाठी लावलेला साधा दिवा. डेझीला त्याचं काहीच नाही. खाडीच्या अलीकडून गॅट्सबी बघतो म्हणून त्याला अर्थ येतो. पाचव्या प्रकरणात डेझी स्वतः त्याच्या शेजारी उभी राहते, तो तिला दिव्याबद्दल सांगतो आणि त्याच क्षणी तो दिवा पुन्हा नुसता दिवा होतो. हे निक स्पष्ट लिहितो. म्हणजे कादंबरीतलं सगळ्यात प्रसिद्ध प्रतीक मध्यावरच विझलेलं आहे. शेवटच्या पानावर ते पुन्हा पेटवतो तो निक, गॅट्सबी नव्हे.

आणि हिरवा म्हणजे आशा, असं ठरवून टाकलं असेल तर या जागा पाहा. गॅट्सबीच्या गाडीच्या आतलं चामडं हिरवं. डेझी थट्टेत निकला म्हणते, माझं चुंबन हवं असेल तर हिरवं कार्ड दाखव. बायकोचं लफडं कळल्यावर आजारी पडलेल्या विल्सनचा, म्हणजे मर्टलच्या नवऱ्याचा, चेहरा उन्हात हिरवा दिसतो. मर्टलला उडवणारी गॅट्सबीची गाडी पिवळी असते, पण प्रत्यक्षदर्शी मायकेलिस आधी पोलिसाला फिक्या हिरव्या रंगाची सांगतो. एका अर्थात हे बसवता येत नाही आणि बसवायचा हट्टही करू नये.

डॉ. टी. जे. एकलबर्गचे डोळे म्हणजे राखेच्या ढिगांवर उभी असलेली एका नेत्रवैद्याची जुनी जाहिरात. चेहरा नाही, नाक नाही, नुसते प्रचंड निळे डोळे आणि पिवळा चष्मा. ते देवाचे आहेत असं कादंबरी म्हणत नाही, बायको गेल्यावर कोसळलेला विल्सन म्हणतो. आणि शेजारी बसलेला मायकेलिस त्याला सांगतो, अरे, ती जाहिरात आहे. परीक्षेत ‘डोळे म्हणजे देव’ लिहिणाऱ्याने मायकेलिसचं वाक्यही लिहावं. दोन्ही मिळून प्रसंग पुरा होतो.

गॅट्सबीच्या ग्रंथालयातली पुस्तकं मला या सगळ्यांहून जास्त आवडतात. जाड चष्म्याचा एक प्यालेला पाहुणा थक्क होऊन सांगतो की पुस्तकं खरी आहेत, पुठ्ठ्याची नाहीत. फक्त पानं फाडलेली नाहीत. त्या काळी पुस्तकाची पानं कडेला जोडलेली येत आणि वाचणाऱ्याने ती सुरीने सुटी करायची असत. गॅट्सबीने खरं ग्रंथालय विकत घेतलं आणि एकही पुस्तक उघडलं नाही. पैसा आणि प्रतीक इथे इतके एकजीव आहेत की समीकरण मांडायची गरजच पडत नाही. हाच पाहुणा नवव्या प्रकरणात पुन्हा येतो. शेकडो पाहुण्यांपैकी अंत्यविधीला आलेला तो एकटाच.

पाचवी पायरी: आठव्या प्रकरणाचा शेवट पुन्हा वाचा

इथे निवेदन, पैसा आणि प्रतीक तिन्ही एका जागी येतात. गॅट्सबी पोहण्याच्या तलावात गादीवर पडून डेझीच्या फोनची वाट बघतोय. निक तिथे नाही, तो शहरात कामावर गेलाय. तरी गॅट्सबीला त्या शेवटच्या घटकेला काय वाटलं असेल, आभाळ कसं परकं दिसलं असेल, हे तो सांगतो. ‘मला वाटतं’, ‘कदाचित’, ‘हे खरं असेल तर’ अशा शब्दांवर तो परिच्छेद उभा आहे. त्या शब्दांखाली रेघा मारा. झाडांमधून गॅट्सबीकडे सरकत येणारी राखेच्या रंगाची आकृती म्हणजे बायकोच्या मृत्यूचा सूड म्हणून त्याला मारायला आलेला विल्सन, राखेच्या खोऱ्यातून चालत श्रीमंत वस्तीत पोचलेला. ती राख फिट्झगेराल्डची तशीच निकचीही आहे, कारण ते दृश्य त्याने डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

मग चौकशी होते. मर्टलला उडवलं तेव्हा गाडी डेझी चालवत होती हे निकला ठाऊक आहे आणि तो गप्प राहतो. मोजक्या प्रामाणिक माणसांपैकी एक. पहिल्या पायरीत समासात मारलेल्या रेघा आता पुन्हा चाळा.

चित्रपट कधी बघावा

नंतर. १९७४चा रॉबर्ट रेडफर्डचा देखणा आणि थंड आहे, २०१३चा बाझ लुहरमनचा भडक आणि गोंगाटी. दुसऱ्यात वुल्फशाइमचं काम अमिताभ बच्चनने केलंय. भूमिका छोटी आहे, पण वर्णनातला ज्यूद्वेष टाळण्याची दिग्दर्शकाची ती एक युक्ती ठरते. लुहरमनने निकला मनोरुग्णालयात बसवून तिथे गोष्ट लिहायला लावली आहे. कादंबरीत असं काही नाही. तिथला निक धडधाकट आहे, घरी आहे, आणि त्याच्याकडून हे लिहून घेणारा कुणी डॉक्टर नाही. चित्रपट बघाल तेव्हा वहीतलं पैशाचं पान शेजारी ठेवा आणि त्यातल्या किती रकमा पडद्यावर उरल्या ते मोजा.